बारीक दोरा आणि माशाची संधि

देवळाली प्रवरा ह्या गांवाच्या नांवांतच नदी आहे. भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं पुरें झालें, व तेव्हांपासून प्रवरेचें पाणी कालव्यांनीं राहुरी तालुक्याच्या शेतांत खेळत आहे. जेथें पाणी तेथें मासा, आणि जेथें मासा तेथें गळ हा आलाच. सायंकाळीं गळ टाकून बसणारे लोक दोन प्रकारचे असतात. एकाच्या हातीं साधी काठी, जाड तंगूस आणि गांडूळ. मरळ किंवा वाम लागली कीं तो ती ओढून कांठावर घेतो व घरीं नेतो. दुसऱ्याजवळ चरखी लावलेली लवचिक काठी व केसासारखा बारीक दोरा असतो. तो माशाला अर्धी घटका खेळवितो, कांठाशीं आणतो, त्याचें छायाचित्र घेतो आणि त्याला परत पाण्यांत सोडतो. ह्या दोघांत दयाळू कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

बारीक दोऱ्याचा छंद मूळचा आपल्याकडचा नव्हे. इंग्लंडांत आयझाक वॉल्टन ह्यानें 1653 सालीं गळावर एक ग्रंथच लिहिला. आजहि डेन्मार्क व स्वीडन देशांच्या किनाऱ्यांवर लोक सायंकाळीं कमरेइतक्या पाण्यांत उभे राहून, नदींत जन्मून समुद्रांत वाढणाऱ्या ट्राउट माशासाठीं हलक्या काठीनें गळ फेंकीत असतात. अशा हौशी लोकांचें म्हणणें असें कीं, जाड दोऱ्यानें ओढणें ही बळजबरी. बारीक दोरा तुटूं शकतो, म्हणून माशालाहि सुटण्याची संधि मिळते व सामना बरोबरीचा होतो.

हें बोलणें कानाला गोड लागतें, पण आम्हांला तें पटत नाहीं. सामना म्हटला कीं दोघांची संमति हवी. येथें एक खेळावयास आला आहे व दुसरा खावयास. माणूस हरला तर त्याचा दोरा जातो. मासा जिंकला तरी तोंडांत गळ घेऊन जातो. बारीक दोऱ्यानें कसोटी लागते ती माणसाच्या हातोटीची. माशाच्या वांट्यास येते ती लांबलेली धडपड. वैशाखांत पाणी तापलें म्हणजे त्यांतील प्राणवायु कमी होतो, आणि दमलेला मासा हातांतून सुटून पोहत गेला तरी कांहीं तासांनीं डोहाच्या तळाशीं मरूं शकतो. सोडणाऱ्यास तें दिसत नाहीं. तो समाधानानें घरीं जातो.

माशाला काय कळतें, असें कोणी म्हणेल. 2003 सालीं स्कॉटलंडांत लिन स्नेडन ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशांच्या ओंठांत मधमाशीचें विष व सिरक्यांतील आम्ल टोंचून पाहिलें. मासे जागच्या जागीं डुलूं लागले, आम्ल टोंचलेले तर ओंठ खड्यांवर घासूं लागले, व त्यांचें खाणें बराच वेळ बंद पडलें. ह्यास वेदना म्हणावें कीं नाहीं ह्याविषयीं पंडितांत अद्याप वाद आहे. पण शंकेचा फायदा द्यावयाचा तो ज्याच्या तोंडांत गळ आहे त्याला द्यावा. स्वित्झर्लंडनें तर 2008 सालीं नियमच केला कीं, सोडून देण्याच्या हेतूनें मासा धरूं नये.

तथापि दुसरी बाजूहि खरी आहे, आणि ती आम्हांस अडचणींत टाकते. कर्नाटकांत कावेरीकांठीं महसीर माशासाठीं हौशी लोकांच्या छावण्या असत, तेव्हां पूर्वीं चोरून मासे मारणारे कांहीं जण तेथेंच वाटाडे म्हणून पोट भरूं लागले, व नदीची राखण झाली. उलट, पोटासाठीं मासे धरणारे सर्वच निर्दोष असतात असें नाहीं. डोहांत जिलेटिनची कांडी फोडणारा किंवा विषारी पूड टाकणारा पोटाचेंच नांव सांगतो, आणि खाण्याजोग्या चार माशांबरोबर सगळीं पिलें मारतो. 1897 च्या कायद्यानें हें दोन्ही गुन्हे ठरले, तरी ते थांबले नाहींत. अशा माणसापेक्षां एका माशापाशीं अर्धी घटका घालविणारा हौशी मनुष्य शतपट बरा. निदान डोहाची किंमत त्याला कळते.

शुभवर्तमानांतील कोळी उपजीविकेसाठीं जाळीं टाकीत, आणि पेत्राला गळ टाकावयास सांगितलें तेंहि कर भरण्यासाठीं. त्यावरून हौसेला बंदी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण गळ टाकण्यापूर्वीं, आज रात्रीं घरच्या कालवणांत ह्या माशाला जागा आहे काय, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. असल्यास दोरा मजबूत घ्यावा, मासा चटकन् ओढावा व डोक्यावर एक घाव घालून लगेच मारावा. टोपलींत तडफडत ठेवूं नये. नसल्यास गळाविना कांठीं बसावें. खंड्या पक्ष्याची शिकार पाहण्यांत सायंकाळ काहीं वाईट जात नाहीं. सोडून देणें हें लहान पिलासाठीं, व पावसाळ्याच्या तोंडीं अंड्यांनीं भरलेल्या मादीसाठीं राखून ठेवावें. अशा माशाला ओल्या हातानें धरावें, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. आणि कल्ले नीट चालूं लागेपर्यंत त्याचें तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यांतच आधार द्यावा.