स्तोत्र ९१ कसे वाचावे?

आजाऱ्याच्या उशाशी बसून आपल्या मंडळ्यांतून जी स्तोत्रे वारंवार वाचली जातात त्यांत एक्याण्णवावे आहे. २०२० व २०२१ साली करोनाची साथ गावोगाव पसरली तेव्हाही कित्येक घरांत ते सकाळसंध्याकाळ वाचले गेले. कोणतीही पीडा तुझ्या राहुटीपाशी येणार नाही, अशा अर्थाचे दहावे वचन त्यात आहे. परंतु काही घरांत पीडा आली आणि कर्ता माणूस गेला. मग मागे राहिलेल्या विधवेला कोणी विचारले, आणि कोणी न विचारले तरी तिने स्वतःलाच विचारले, की आमच्या विश्वासात काय उणे होते? हा प्रश्न काळीज कुरतडणारा आहे. म्हणून ते स्तोत्र कोणत्या जातीचे लेखन आहे हे आधी नीट पाहिले पाहिजे.

ते काव्य आहे. काव्याची भाषा आपणांस परकी नाही. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे कोठे लावावे, असे म्हणणारा शेतकरी काही सुईदोरा शोधावयास निघत नाही. आपल्या ओवीत यमक चरणाला चरण जोडते. इब्री काव्यात यमकाचा नियम नाही. तेथे अर्थाला अर्थ जोडलेला असतो. पहिल्या अर्ध्यात जे सांगितले तेच दुसऱ्या अर्ध्यात निराळ्या शब्दांनी सांगावयाचे, किंवा एक पाऊल पुढे न्यावयाचे, ही त्याची मुख्य रीत. रॉबर्ट लाउथ ह्यांनी ऑक्सफर्ड येथे दिलेली व्याख्याने १७५३ साली लॅटिन भाषेत प्रसिद्ध झाली. त्यांत ह्या रीतीचे विवेचन आहे. यमक भाषांतरात हरवते, अर्थांची जोडी हरवत नाही. म्हणून मराठीतही स्तोत्रे गाणीच राहिली. ही केवढी कृपा!

ही रीत ध्यानात न घेतल्यास काय होते? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्त्रिया गात येतात. शौलाला हजारांचे यश देतात आणि दाविदाला दहा हजारांचे. हजारामागून दहा हजार येणे ही इब्री काव्याची सवयच आहे. आपल्या स्तोत्राच्या सातव्या वचनात तीच जोडी आहे. त्या स्त्रियांच्या मनात तुलना मुळीच नव्हती असे मी म्हणत नाही. पण शौलाने ते गाणे जमाखर्चाच्या वहीसारखे ऐकले, आणि त्या दिवसापासून दाविदाकडे पाहण्याची त्याची दृष्टी फिरली.

आता स्तोत्राकडे येऊ. चौथ्या वचनात देव पंख पसरलेला पक्षी आहे, आणि त्याच वचनात त्याची सत्यता ढाल आहे. ती पिसे कोणत्या रंगाची, असे कोणी विचारीत नाही. पुढे रात्र, दिवस, काळोख आणि भर दुपार अशा चार वेळा येतात. देवाच्या नजरेबाहेरची एकही घटका नाही, एवढेच कवीला सांगावयाचे आहे. मग दहाव्या वचनाशी येताच कवीचे बोट सोडून आपण तलाठ्याच्या दप्तरात का शिरावे? पिसे तेवढी अलंकार, आणि राहुटी मात्र सातबाराचा उतारा, हा न्याय कोठला? शिवाय पंधराव्या वचनात देव म्हणतो की संकटात मी त्याच्याजवळ असेन. ज्याच्यावर संकट येतच नाही, त्याच्याजवळ संकटात कोण कशाला राहील?

अलंकार म्हणजे पोकळ शब्द, असे मात्र कोणी समजू नये. अंगणात घार झडप घालते तेव्हा पिलांवर पंख पसरून बसलेली कोंबडी पाहावी. पहिली नखे तिच्याच पाठीत रुततात. इतके कोणत्या करारपत्राला सांगता येईल?

शुभवर्तमानांत हे स्तोत्र उघडपणे म्हणून दाखविणारा एकच आढळतो, आणि तो सैतान! मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभे करून तो अकरावे व बारावे वचन पुढे करतो: देवदूत झेलणार असे लिहिले आहे, तर उडी टाक. त्याने शास्त्र पाठ केले होते. पण गाणे त्याने दस्तऐवजासारखे वाचले. प्रभूने अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील सोळाव्या वचनाने उत्तर दिले, की देवाची परीक्षा पाहावयाची नाही. आणि तो जागचा हलला नाही.

पुढे गुलगुथ्यावर कोणी देवदूत झेलावयास आला नाही. तेथेही त्याच्या मुखी स्तोत्रेच होती. मार्क सांगतो त्याप्रमाणे बाविसाव्या स्तोत्राचा आरंभीचा आक्रोश. आणि लूक सांगतो त्याप्रमाणे शेवटल्या श्वासाला एकतिसाव्या स्तोत्रातले पाचवे वचन, ज्यात कवी आपला आत्मा देवाच्या हाती सोपवितो. त्या वचनाच्या आरंभी प्रभूने एकच शब्द आपला घातला: हे बापा.