आधी उत्तर, मग प्रश्न

'हो, रोज रात्री. त्याशिवाय झोपच येत नाही.' एवढंच उत्तर कुणी दिलं आणि त्याआधीचा प्रश्न 'तुम्ही वाचता का?' असा असला, तर माणूस अभ्यासू ठरतो. प्रश्न 'तुम्ही पिता का?' असा असला, तर तोच माणूस व्यसनी ठरतो. उत्तरातला एक शब्दही बदलावा लागत नाही. मुलाखतीचा अर्थ पाहुण्याच्या तोंडात नसतो, विचारणाऱ्याच्या हातात असतो. अमेरिकेतल्या 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट' या मालिकेने १९९४ साली या एका गोष्टीवर आख्खा कार्यक्रम उभा केला. मोठ्यांसाठी काढलेलं हे कार्टून टॉक शोचं विडंबन होतं. मुलाखत या प्रकाराची इतकी खोल परीक्षा एखाद्या गंभीर कार्यक्रमातही क्वचितच झाली असेल.

कार्यक्रम जन्मला तो टंचाईतून. वाहिन्यांचा मालक टेड टर्नर याने १९९१ साली हाना-बार्बेरा ही कार्टून कंपनी विकत घेतली आणि १ ऑक्टोबर १९९२ रोजी कार्टून नेटवर्क सुरू केलं. जुन्या मालिकांचा साठा प्रचंड होता, नवं बनवायला पैसा तुटपुंजा. वाहिनीतल्या माइक लाझोने साठ्यातून १९६६ सालचा 'स्पेस घोस्ट' बाहेर काढला. अ‍ॅलेक्स टोथ या चित्रकाराने घडवलेला हा अंतराळवीर: पांढरा पोशाख, काळा बुरखा, पाठीवर पिवळं वस्त्र, मनगटांवर किरण सोडणारे पट्टे. जुन्या भागांतली त्याची चित्रं पार्श्वभूमीपासून सुटी केली, त्याला टेबलामागे बसवलं आणि हातात टॉक शो दिला. त्याने पूर्वी हरवलेले खलनायक आता शिक्षा म्हणून त्याच्याकडे राबतात. प्रार्थनाकीटकासारखा दिसणारा झोरॅक वाद्यवृंद सांभाळतो आणि लाव्हाचा मोल्टार नियंत्रण कक्षात बसून दिग्दर्शन करतो. पाहुणे मात्र हाडामांसाचे, खरेखुरे. पहिल्याच भागात 'बी जीज' हा गायकांचा गट होता. पाहुणे वरून खाली येणाऱ्या पडद्यावर दिसतात.

त्या काळी अमेरिकेत रात्रीच्या टॉक शोचं प्रस्थ शिगेला पोचलं होतं. सूत्रसंचालक जॉनी कार्सन १९९२ साली 'टुनाइट शो'तून निवृत्त झाला, त्याच्या खुर्चीसाठी जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन यांच्यात चुरस झाली आणि पुढच्या वर्षी लेटरमन सीबीएस वाहिनीवर गेला. टेबल, कॉफीचा मग, वाद्यवृंदाच्या प्रमुखाशी थट्टा, नवा सिनेमा घेऊन आलेला पाहुणा, हा साचा प्रेक्षकांना पाठ होता. विडंबनाला असा पाठ झालेला साचाच लागतो.

पण साच्याची नक्कल हा या कार्यक्रमाचा लहानसा भाग. खरी गोष्ट त्याच्या कार्यपद्धतीत आहे. पाहुण्याला कॅमेऱ्यासमोर बसवून प्रश्न विचारले जात, त्यातले बरेचसे विचित्र असत: तुमच्याकडे कोणती अद्भुत शक्ती आहे? पुरेसा ऑक्सिजन मिळतोय ना? उत्तरं चित्रित होत. मग लेखक ती टेप घेऊन बसत आणि उत्तरांना नवे प्रश्न लिहीत. जॉर्ज लो आपल्या भारदस्त, जुन्या रेडिओची आठवण देणाऱ्या आवाजात ते प्रश्न बोलत असे. पडद्यावर येणारा संवाद कधी घडलेलाच नसे. पाहुणा एका खोलीत, एका दिवशी काहीतरी म्हणाला. त्याला विचारलेलं आपण ऐकतो ते नंतर, दुसऱ्याच कुणीतरी रचलेलं.

ही फसवणूक आहे का? माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. १९६६ सालचं चित्र आणि १९९४ सालचा गायक यांची भेट झाली, असं कोणताही प्रेक्षक मानणार नाही. जोड कुठे आहे ते पहिल्या क्षणापासून डोळ्यांना दिसतं. शिवाय हसू येतं ते बहुतेक वेळा सूत्रसंचालकाचं. स्पेस घोस्ट आत्ममग्न आहे, पाहुण्याचं ऐकत नाही, मध्येच झोरॅकशी भांडतो, चिडला की त्याच्यावर किरण सोडतो. ज्याच्या हातात प्रश्न, त्याच्या हातात सत्ता. आणि हे विडंबन त्या सत्तेवर रोखलेलं आहे, पाहुण्यावर नाही. मला त्यात मोठी नीती दिसते.

जोड लपवणारी दूरचित्रवाणी कितीतरी जुनी आहे. एकच कॅमेरा असेल, तर आधी पाहुण्याची उत्तरं चित्रित करायची आणि तो गेल्यावर वार्ताहराचे प्रश्न आणि त्याचं मान डोलावणं वेगळं टिपून मध्ये चिकटवायचं, ही वृत्तविभागातली नेहमीची रीत. जेम्स एल. ब्रूक्स यांच्या 'ब्रॉडकास्ट न्यूज' या १९८७ सालच्या चित्रपटाची कलाटणी नेमकी तिथेच आहे. मुलाखत घेताना वार्ताहराच्या डोळ्यांत पाणी येतं. जागेवर कॅमेरा एकच होता, मग हे पाणी टिपलं कधी, असा प्रश्न निर्मातीसमोर उभा राहतो आणि त्या माणसावरचा तिचा विश्वास ढळतो. त्या वार्ताहराने लपवलं तेच स्पेस घोस्टने उघड्यावर मांडलं.

कार्यक्रमातली शांतता मला सगळ्यात मोलाची वाटते. टॉक शोत शांतता म्हणजे अपघात. हशा, टाळ्या, संगीत यांनी प्रत्येक फट बुजवली जाते. इथे पाहुण्याचं बोलणं संपतं आणि समोरचं चित्र नुसतं बघत राहतं, डोळे मिटतं, उघडतं. जुन्या चित्रांत हालचाली मोजक्याच होत्या, त्यामुळे ते थांबणं सोयीचंही होतं. पण संकलकांनी त्यातून एक वेगळीच लय घडवली. त्या थांबण्यात पाहुण्याचा सराईत चेहरा गळतो. प्रसिद्धीसाठी तयार करून आणलेलं वाक्य संपलं की माणूस कसा दिसतो, ते क्षणभर कळतं. 'फायर अँट' या भागात तर टॉक शोचाच सूत्रसंचालक असलेल्या कोनन ओब्रायनची मुलाखत अर्ध्यावर टाकून स्पेस घोस्ट एका मुंगीच्या मागे निघतो आणि ते चालणं सुमारे दहा मिनिटं चालतं. कुतूहलाचा खरा विषय पाहुणा नसू शकतो, हे इतक्या धीटपणे दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही. पण हा नुसता विक्षिप्तपणा नव्हता. शीर्षकसंगीत वाजवणारा जॅझ गिटारवादक सॉनी शॅरॉक मे १९९४ मध्ये, कार्यक्रम सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांतच गेला. पुढे एक भाग जवळजवळ पूर्णपणे त्याच्या वादनाला दिला गेला. ज्यांना विक्षिप्तपणाखाली आस्था दिसत नाही, त्यांनी तो भाग बघावा.

२ सप्टेंबर २००१ रोजी कार्टून नेटवर्कने 'अ‍ॅडल्ट स्विम' हा मोठ्यांसाठीचा रात्रीचा विभाग सुरू केला, तो याच कार्यक्रमाच्या वाटेवरून. त्यातल्या 'अ‍ॅक्वा टीन हंगर फोर्स' या मालिकेची पात्रं आधी याच्याच एका भागासाठी लिहिली गेली होती. पण वारसदारांनी विक्षिप्तपणा उचलला, स्वस्ताई उचलली आणि मुलाखत बहुतेक सोडून दिली. माझ्या मते सोडलं तेच सर्वांत मौल्यवान होतं.

भारतात कार्टून नेटवर्क १९९५ साली आलं आणि मराठी घरांतली एक पिढी त्यावर हाना-बार्बेराची जुनी कार्टून्स बघत वाढली. आज त्या पिढीतले अनेकजण पॉडकास्ट करतात, मुलाखती घेतात, त्यांचे तुकडे फोनवर सोडतात. आपल्याकडची प्रकट मुलाखत याबाबत सुरक्षित होती; प्रश्न आणि उत्तर दोन्ही सभागृहाने ऐकलेले असत, साक्षीदार शेकड्याने असत. आता तीस सेकंदांच्या तुकड्यात उत्तर उरतं, प्रश्न गळतो आणि त्याच्या जागी वर ठळक अक्षरांत मथळा येतो. तो मथळा म्हणजे नंतर लिहिलेला प्रश्नच. फरक इतकाच, की स्पेस घोस्टने जोड दाखवली होती, इथे ती पुसलेली असते आणि त्यावर खऱ्या माणसाची बदनामी होते.

म्हणून मुलाखती घेणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: तुकडा काढताना प्रश्न कापू नका, आणि आख्खी मुलाखत प्रत्येक तुकड्याखाली सापडेल अशी ठेवा. तो तुकडा पुढे पाठवणाऱ्यांनी पाठवण्याआधी एवढंच विचारावं: याला विचारलं काय होतं?