तपाची बातमी

सामुदायिक प्रार्थना आटोपली की आमच्या गावच्या गुरुदेव सेवा मंडळात थोडी चर्चा होते. गीतेचा सतरावा अध्याय चालला होता. मानसन्मानासाठी, दिखाव्यासाठी केलेलं तप राजस, एवढं मी सांगितलं आणि बारावीतला एक पोरगा उठला, "मंग गुर्जी, उपोषणाले बसणारे टीव्हीवाल्याइले कायले बलावतेत?" सगळे हसले. पण चिमूर तालुक्यात हा प्रश्न फार जुना आहे.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमुरात गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर पडले. चिडलेल्या जमावानं चार सरकारी माणसं मारली. मग फौज आली. घराघरांतल्या बायांवर जे गुदरलं, ते छापायची वर्तमानपत्रांना सोय राहिली नाही. मुंबईत लपूनछपून चालणाऱ्या काँग्रेस रेडिओवरून उषा मेहता आणि त्यांचे सोबती आष्टी-चिमूरची हकीकत सांगत, पण नोव्हेंबरात तेही पकडले गेले.

त्याच नोव्हेंबरात सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी उपवासाला बसले. हा माणूस अजबच. एकेकाळी मौन मोडू नये म्हणून त्यांनी तांब्याच्या तारेनं स्वतःचे ओठ शिवून घेतले होते. कच्चं पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन ते हिंडत. गांधीजींनी समजूत घालून त्यांना माणसांत आणलं. आता तेच दिल्लीला गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या आपल्या यवतमाळच्या बापूजी अण्यांच्या दारी चिमूरच्या चौकशीची मागणी घेऊन बसले. तिथून पकडून परत पाठवलं, तर पायी चिमूरला निघाले. पुन्हा पकडले गेले. उपवास चालला ६३ दिवस.

सरकारनं उपवास करू दिला. बंद केली ती त्याची बातमी. म्हणजे मरायचं तर मरा, पण कुणाला कळू देऊ नका. याच्या निषेधात ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंकच काढला नाही. १२ जानेवारीला समझोता झाला. चिमूरच्या बातम्यांवरची बंदी उठली आणि भन्साळींनी चौकशीचा आग्रह सोडला.

मागितली चौकशी, मिळाली बातमी. काही जण याला माघार म्हणतील. मला तसं वाटत नाही. चौकशी नाकारायला सरकारला एक कागद पुरत होता. बातमी दाबायला मात्र दोन महिने सगळी यंत्रणा राबवावी लागली. दोन्हींतलं कशाचं भय जास्त, ते यातच दिसतं.

आता पोराच्या प्रश्नाकडे. गीतेनं मौन वाणीच्या तपात घातलेलं नाही, ते मनाच्या तपात आहे. वाणीचं तप म्हणजे खरं, हिताचं आणि दुसऱ्याला न टोचणारं बोलणं. हा फरक मी कितीतरी वर्षं नुसता वाचून पुढे जात होतो. ओठ शिवले तेव्हा भन्साळी मनाचं तप करत होते आणि तार त्यांच्या स्वतःच्या हातात होती. सेन्सॉर ती तार दुसऱ्याच्या ओठांत घालतो. त्यानं कुणी मौनी होत नाही, उलट वाणीचं जे तप करता आलं असतं तेही बुडतं. भन्साळींना हवी होती ती बातमी चिमूरच्या बायांची. तिच्यात त्यांचं नाव आलं नसतं तरी त्यांचं काही अडलं नसतं. राजस तप करणाऱ्याचं तिथंच अडतं.

आणीबाणीत हेच विनोबांच्या बाबतीत उलटसुलट घडलं. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर त्यांचं मौन होतं. त्या काळातला चिठ्ठीवरचा एक शब्द, 'अनुशासनपर्व', सरकारनं उचलला आणि गावोगाव गाजवला. पुढे जून १९७६ मध्ये गोवधबंदीसाठी उपवास करण्याचा त्यांचा निश्चय पवनारच्या 'मैत्री' मासिकात छापला गेला, तर पोलीस अंकच उचलून घेऊन गेले. मौनी बाबांचा शब्द चालतो, बोलणाऱ्या बाबांचा नाही! पोरानं विचारलेला टीव्ही आमच्याकडे तेव्हा नव्हता. पलीकडे रायपूरच्या बाजूला खेड्यांतून उपग्रहावरचं दूरदर्शन १९७५ मध्येच आलं होतं. संचही सरकारचा, चित्रंही सरकारची. शेतीचं, आरोग्याचं चांगलं दाखवत, ते नाकारत नाही. पण त्या पेटीसमोर बसलेल्याला काय दिसत नाही हे कळायला दुसरी पेटी नव्हती.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. चिमूरच्या त्या दिवसांतून गेलेल्या एक आजी माझ्या ओळखीच्या होत्या. त्या विषयावर त्या कधीच बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. बंदी उठली म्हणून त्यांनी सांगितलंच पाहिजे, असं म्हणायचा हक्क मला, वर्तमानपत्राला, कुणालाच नव्हता. भन्साळींना हे उमगलं असतं असं वाटतं.

पण त्या चार सरकारी माणसांचं तसं नाही. डुंगाजी, सोनवणे ही नावं मी दर १६ ऑगस्टला गावच्या सभेत घेतो, कारण तेही मेलेच. काहींना ते रुचत नाही. गेल्या खेपेला कुणीतरी माइकच बंद केला. मी तसाच बोललो. पुढच्या दोन रांगांना तेवढं ऐकू गेलं असेल.