गरज आणि मैत्री

गरजेपोटीं जडलेल्या संबंधास मैत्री म्हणावें काय, असा प्रश्न नीतिविवेचनांत नेहमीं निघतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळीं केनियाच्या किनाऱ्यावर कळपापासून तुटलेलें पाणघोड्याचें पिल्लू मोंबासाच्या हॅलर उद्यानांत आणिलें गेलें. तेथें सुमारें १३० वर्षांचें समजलें जाणारें एक एकलकोंडें कासव होतें. पिल्लू त्याच्या पाठीआड जाऊन दडलें. कासव फूत्कारलें, दूर सरकलें. पिल्लू मागें जातच राहिलें. पुढें दोघें एकत्र चरूं व निजूं लागलीं.

पिल्लास आईची उणीव भासत होती, हें उघड आहे. परंतु एकटेपणास सरावलेल्या त्या वृद्धास कसली निकड होती? गरज ही केवळ याचना होय. दुसरा दूर सरकावयाचें थांबतो, तेव्हांच मैत्रीस आरंभ होतो.