फळाची आशा

लेक गोंडवाना विद्यापीठाची पदवीधर झाली. २०११ साली गडचिरोलीत हे विद्यापीठ झालं. त्याआधी आमच्या कोरपन्याच्या पोरांचा सारा कारभार नागपूर विद्यापीठाकडे. पदवीचा कागद मी देव्हाऱ्यात ग्रामगीतेशेजारी ठेवला. तिनं त्यावर आपला गुडघ्याचा पट्टा ठेवला. कबड्डीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईत ती पकडली गेली, गुडघा फुटला होता. तरी उठल्याबरोबर तिनं मैदानाची माती कपाळाला लावली.

निष्काम कर्म म्हणजे फळच नको म्हणणं, असं मी समजत होतो. पण कपाशी टोबताना बोंडाची आशा कोणाला नसते? आशा असावीच. फक्त बोंडअळीनं एक हंगाम खाल्ला म्हणून पुढच्या मृगात हात आखडू नये. हे मला प्रवचनात नाही, पोरीच्या फुटलेल्या गुडघ्यात कळलं. पट्टा अजून देव्हाऱ्यातच आहे.