मातीची गढी

दुर्ग म्हणजे किल्ला. आमच्या जिल्ह्याचं नावच किल्ला आणि १७४१च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या फौजेनं छत्तीसगडात उतरताना तळ दिला तोही इथेच. तरी भिलाईत वाढलेल्या मराठी पोरांना किल्ला भेटायचा तो दिवाळीत, क्वार्टरच्या मागच्या अंगणात. विटांचे तुकडे, गोणपाट, वर मुरमाचा चिखल. उतारावर अळीव पेरायचे, माथ्यावर महाराज बसवायचे आणि मावशीनं नागपूरहून पाठवलेले मावळे बुरुजाबुरुजावर उभे करायचे.

एका दिवाळीत शेजारच्या क्वार्टरमधला सरदारांचा मुलगा त्या किल्ल्यापुढे उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘ये तो चमकौर है.’ मी म्हणालो, ‘रायगड है.’ भांडण जुंपलं. ते त्याच्या आजीनं मिटवलं. सगळी गल्ली तिला बीजी म्हणायची. चमकौरची गढी कच्ची होती, मातीची, अगदी तुझ्या या किल्ल्यासारखी, असं तिनं मला सांगितलं. रायगडाला माती म्हटल्याचा राग मला आला होता, पण बीजींपुढे बोलायची छाती नव्हती.

भिलाईत हे असंच घडायचं. १९५५मध्ये पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातली माणसं एकाच भोंग्यावर उठू लागली. कुणाच्या अंगणात कुणाचा इतिहास येऊन बसेल याचा नेम नव्हता.

त्या डिसेंबरात आम्हाला चमकौर नीट कळलं. थंडी पडली होती, आणि बीजींच्या घरी सगळे जमिनीवर झोपत होते. खाटा भिंतीला उभ्या. गोडधोड नाही, हसणंखिदळणंही बेतानंच. पोह महिन्यातल्या त्या आठवड्यात अनेक शीख घरांत असंच असतं. का, म्हणून विचारलं तर बीजी म्हणाल्या, माताजी आणि छोटे साहिबजादे थंड्या बुरुजात फरशीवर होते, मग आम्ही गादीवर कसं झोपायचं? मला वाटलं, गेल्याच आठवड्यात त्यांच्या नात्यात काहीतरी झालं असावं.

झालं होतं १७०४च्या डिसेंबरात. काही अभ्यासक १७०५ मानतात. आनंदपूरचा वेढा लांबला होता. गड सोडा, सुखरूप जाऊ देऊ, अशा शपथा मोगलांकडून आल्या. गुरू गोविंदसिंग बाहेर पडले आणि शपथा मोडल्या. फुगलेल्या सरसा नदीवर कुटुंबाची ताटातूट झाली. गुरू, थोरले दोन मुलगे आणि चाळीसेक शीख चमकौरच्या त्या कच्च्या गढीत पोचले. अजितसिंग अठराच्या आसपास, जुझारसिंग चौदाचा. दोघेही गढीबाहेर पडून लढले आणि पडले. रात्री उरलेल्या शिखांपैकी पाच जणांनी पंथाच्या वतीनं गुरूंना हुकूम केला, तुम्ही निघा. आणि गुरू निघाले.

हा भाग मला नेहमी अडवतो. ज्या बापाची दोन मुलं दारात पडली आहेत, त्याला जगण्याचा हुकूम होतो आणि तो मानतो. आपण मुलांना शौर्य सांगताना मरण सांगतो, हा हुकूम सांगत नाही.

धाकटे दोघे, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, आजीबरोबर होते. माता गुजरी. घरच्याच जुन्या स्वयंपाक्यानं, गंगूनं, त्यांना पकडून दिलं. सरहिंदचा फौजदार वजीर खान याच्यापुढे मुलं उभी केली. थोरला नऊच्या आसपास, धाकटा सहा-सात वर्षांचा. धर्म बदला, सोडून देऊ. दोघेही नाही म्हणाले. रात्री बुरुजात, सकाळी दरबारात, असे दिवस गेले. शेवटी त्यांना भिंतीत चिणायचं ठरलं. भिंत ढासळली तेव्हा तलवार चालवली, असं परंपरा सांगते. बातमी ऐकून आजीनंही प्राण सोडला.

या कथेत मुलं दोन, पण त्यांच्याभोवतीची मोठी माणसं किती तरी. मुलं ऐकताना पहिला प्रश्न याच मोठ्यांबद्दल विचारतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. ‘कुणी थांबवलं नाही का?’

एकानं बघितलं थांबवून. मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मद खान. त्याचा भाऊ गुरूंशी लढताना मेला होता, असं सांगतात. वजीर खान म्हणाला, घे सूड. तो म्हणाला, वैर बापाशी आहे, लेकरांशी नाही, आणि भर दरबारातून उठून गेला. उलट दिवाण सुच्चानंद सापाची पिल्लं ठेचा म्हणत होता. शीख आजतागायत मालेरकोटल्याचं नाव आदरानं घेतात. १९४७मध्ये सारा पंजाब पेटलेला असताना ते गाव शांत राहिलं, त्याचं श्रेय लोक त्या एका नकाराला देतात.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत या प्रसंगावर नाटुकलं पाहिलं. शाळेचं नाव सांगत नाही. खोक्यांची भिंत, कापसाच्या दाढ्या, दोन गोड मुलं तारस्वरात संवाद म्हणत होती. सैनिक व्हायला बरीच पोरं होती. शेर मुहम्मद खान कुठेच नव्हता. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘अहो, मुलांचा गोंधळ होतो ना.’ होऊ दे की! त्या गोंधळासाठीच तर गोष्ट सांगायची. सुच्चानंद कुठल्या धर्माचा, नवाब कुठल्या, असा हिशेब मांडायला बसलेलं मूल जे शिकतं, ते खोक्यांच्या भिंतीतून शिकणार नाही. १९८४च्या नोव्हेंबरात बोकारोत, आमच्याच जातकुळीच्या पोलादनगरीत, शीख मारले गेले. तेव्हा गल्लीगल्लीत भर दरबारातून उठून जाणारा माणूस हवा होता.

२०२२पासून २६ डिसेंबर हा दिवस केंद्र सरकारनं ‘वीर बाल दिवस’ म्हणून पाळायला सुरुवात केली. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं नावावर हरकत घेतली. ‘साहिबजादे शहादत दिवस’ म्हणा, अशी त्यांची मागणी. बाहेरच्याला हा शब्दांचा कीस वाटेल. पण शीख परंपरा त्या सहा-सात वर्षांच्या पोराला ‘बाबा फतेहसिंग’ म्हणते. बाबा, म्हणजे वडीलधारा. मराठीत आपण बापालाही बाबा म्हणतो आणि रांगणाऱ्या पोरालाही, त्यामुळे ही गंमत आपल्याला चटकन कळावी. ‘बाल’ म्हटलं की आपण डोक्यावरून हात फिरवतो. ‘बाबा’ म्हटलं की वाकावं लागतं.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी नाही. वजीर खानानं धाडलेल्या मारेकऱ्यांचा वार गुरूंवर झाला तो नांदेडात, असं मानतात, आणि १७०८मध्ये तिथेच ते गेले. सरहिंदचा हिशेब चुकता करायला निघालेला बंदासिंग बहादूर आधी गोदाकाठचा बैरागी माधोदास होता. त्याच्या फौजेनं १७१०मध्ये वजीर खानाला मारलं. पण मला जास्त खुपतं ते दुसरंच साम्य. संभाजीराजांच्या वधानंतर सात वर्षांचा शाहू औरंगजेबाच्या छावणीत गेला आणि १७०७पर्यंत तिथेच वाढला. धर्म बदलण्याचा तोच प्रश्न त्यालाही आला होता. १७०३मध्ये, त्याच्या ऐवजी, प्रतापराव गुजरांच्या मुलांनी, खंडेराव आणि जगजीवन यांनी, धर्मांतर पत्करलं. सरहिंदच्या एक-दोन वर्षं आधीची ही घटना. शाहू जगला, राजा झाला, अठराव्या शतकाचा निम्मा भाग त्याच्या नावावर गेला. त्या गुजर बंधूंचा ‘दिवस’ कोण पाळणार? दुसऱ्याचा धर्म वाचावा म्हणून आपला देणं, याला आपल्याकडे पोवाडा नाही. एकाच प्रश्नाला सरहिंदला एक उत्तर मिळालं, छावणीत दुसरं. मूल दोन्ही ऐकू शकतं, चाचरतो आपणच.

शिरीषकुमारचंही असंच. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार, वय पंधरा, हातात तिरंगा. त्याच्याबरोबर आणखी चार पोरं पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. त्यांची नावं सांगा म्हटलं तर माझ्या पिढीतले बहुतेक गप्प होतात. एक पुतळा उभारला की आपलं स्मरण भागतं.

बीजी आता नाहीत. त्यांचा नातू आणि मी अजून भेटतो. रायगड की चमकौर हा वाद तो अधूनमधून उकरून काढतो. गेल्या डिसेंबरात माझ्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन त्याच्याबरोबर गुरुद्वारात गेलो. बाहेर गरम दुधाचा लंगर होता. नातवानं विचारलं, दूधच का? मित्र त्याच्यासमोर उकिडवा बसला, पन्नास वर्षांपूर्वी किल्ल्यापुढे बसला होता तसाच, आणि मोतीराम मेहरांची गोष्ट सांगू लागला. कैद्यांच्या स्वयंपाकघरातला साधा माणूस. बुरुजातल्या आजी-नातवांसाठी रात्री चोरून गरम दूध न्यायचा. पहारेकऱ्यांना द्यायला बायकोनं दागिने काढून दिले.

‘मग त्याला पकडलं का?’

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

‘हां पुत्तर. पूरे परिवार को. कोल्हू में.’

‘कोल्हू म्हणजे?’

‘तेलाचा घाणा,’ मी म्हणालो.

नातू हातातल्या पेल्याकडे बघत राहिला. साय धरली होती. ती त्यानं बोटानं बाजूला केली आणि फुंकर घालत, थांबत थांबत, दूध संपवलं. मग रिकामा पेला घेऊन पुन्हा रांगेत गेला. आणखी हवं का, असं मी विचारलं.

‘मला नको,’ तो म्हणाला, ‘तिकडे ते आजोबा बसलेत ना बाकावर, त्यांना.’