शिवडीची शेवरलेट आणि मिलिंदाचा रथ

जुन्या मोटारीचा एखादा सुटा भाग हाती आला, की त्याची ओळख पटवणं हे एक कोडंच असतं. त्यावर कंपनीचा नंबर ओतलेला असेल तर छापील कॅटलॉगशी ताडून पाहायचं. नसेल तर धातू, ओतकामाची शिवण, कानशीचे ओरखडे आणि सगळ्यांत खात्रीचे म्हणजे आटे. अर्ध्या इंचाच्या बोल्टावर अमेरिकन जाड आटे इंचाला १३ असतात, ब्रिटिश व्हिटवर्थ १२. शिवाय अमेरिकन आट्यांचा कोन ६० अंशांचा, व्हिटवर्थचा ५५. फरक एका आट्याचा, पण गाडी कुणाकुणाच्या हातांतून गेली ते त्यावरून कळतं. दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या माझ्यासारख्याला हा नाद लागावा यात नवल नाही. हफ्र अल बातिनमध्ये संध्याकाळी करण्यासारखं तसंही फारसं काही नसतं!

पुण्याचा आतेभाऊ मला फोटो पाठवतो. आत्याच्या घरी १९२८ सालची शेवरलेट आहे. त्याच वर्षी जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. परदेशातून खोक्यांत भरून आलेले भाग तिथे जोडले जात. १९५४ मध्ये तो बंद झाला. आत्याची गाडी शिवडीत जोडलेली. आतेभाऊ ती नीट करून एका संग्राहकाला विकतो आहे, आणि संग्राहकाची अट आहे, 'सगळं ओरिजिनल'.

अडलं ते मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटशी. नंबर नाही, आणि भोकातले आटे इंचाला १२. अमेरिकन गाडीत व्हिटवर्थ? इथल्या सनाइयातल्या, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीतल्या, पाकिस्तानी उस्तादांना फोटो दाखवला. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "ये फैक्टरी का नहीं है भाई, लोहार का है." खालच्या बाजूला पंचाने ठोकलेलं एक अक्षर होतं: 'रा'. मग आत्याला आठवलं. आतोबा गाडी घेऊन मुंबईहून येत असताना बोरघाटाच्या पायथ्याशी ब्रॅकेट तुटला, आणि खोपोलीच्या एका मिस्त्रीने रात्री भट्टी पेटवून नवा ठोकून दिला. अमेरिकेहून सुटा भाग मागवायचा तर तेव्हा महिनोन्‌महिने लागत. मिस्त्रीकडे टॅप ब्रिटिश, म्हणून आटे १२. त्यानंतर ती गाडी कित्येक वर्षं त्याच ब्रॅकेटवर चालली.

आता हा ब्रॅकेट ओरिजिनल की नाही?

मिलिंद राजाला नागसेनाने हेच विचारलं होतं. रथ म्हणजे आस का? चाकं का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि शेवटी त्याला कबूल करावं लागलं की हे सगळं एकत्र आलं की आपण त्याला 'रथ' म्हणतो, इतकंच. फोर्डच्या मॉडेल टीचं तर त्याहून गमतीचं. जवळजवळ सगळ्या उत्पादनकाळात गाडीचा नंबर म्हणजे इंजिनावरचाच नंबर. इंजिन बदललं की कागदोपत्री गाडीच दुसरी!

हा वाद १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातही गेला. १९२९ आणि १९३० मध्ये ल मां शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' बेंटली. पुढे तिचे भाग बदलत गेले, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सवर अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी गेला, मग ती पुन्हा बांधली गेली. विकत घेणाऱ्यांनी पैसे अडवले: ही खरी गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी ठरवलं की मूळचे भाग फारच थोडे उरले असले तरी गाडीचा इतिहास अखंड आहे, म्हणून 'ओल्ड नंबर वन' हे नाव तिचंच. मला हा निकाल पटतो. पण अखंड इतिहास हा कुणीतरी सांगितला, लिहून ठेवला तरच अखंड राहतो.

आतेभावाचं म्हणणंही खोटं नाही. "मिस्त्रीला मूळचा ब्रॅकेट मिळाला असता तर त्यानेही तोच बसवला असता," तो म्हणतो. अगदी खरं. नवा बसवायला माझी हरकत नाहीच. हरकत आहे ती गप्प बसण्याला. त्याचा बेत असा, की अमेरिकेहून हुबेहूब नक्कल मागवायची, तिला जुनाट रंग चढवायचा आणि 'रा' भंगारात. कायदा त्याला अडवत नाही. आपल्याकडचा २०२१ चा नियम पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'विंटेज' म्हणताना सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत असं म्हणतो. ब्रॅकेटचं कोण विचारतो? संग्राहकालाही कळणार नाही. तो आटे मोजणाऱ्यांतला दिसत नाही.

माझ्या मते 'ओरिजिनल' हा शब्द गाडीबद्दल कमी आणि विकणाऱ्याबद्दल जास्त सांगतो. इथून जवळच कैसूमाला टॅपलाइनचं पंपिंग स्टेशन आहे. १९५० पासून तिथून भूमध्य समुद्रापर्यंत तेल जात असे. १९९० मध्ये सगळं थांबलं. २०२० मध्ये सौदी सरकारने त्या पाइपलाइनची औद्योगिक वारसा म्हणून नोंद केली, तेलाचा थेंब वाहत नसताना. इकडे आतेभावाची गाडी झकास चालेल, पण ती ज्याच्यामुळे चालती राहिली त्याची खूण तिच्यावरून जाईल. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ट्युरिन सनदेत यावर साधी वाट आहे: नव्या भागावर ओळखू येईल अशी खूण करा, बदलाची नोंद ठेवा, काढलेला भाग गाडीबरोबर जपा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. काय बदललं हे न लिहिता कोड पुढे ढकलणाऱ्याला आमच्यात कुणी चांगलं म्हणत नाही. हेच मी आतेभावाला कळवलं. किंमत थोडी उतरेल, असंही लिहिलं.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आत्याचा मात्र फोन आला होता. 'रा' म्हणजे रामचंद्र की राघू, यासाठी ती खोपोलीतल्या जुन्या ओळखीच्या घरी चौकशी करते आहे, आणि तोवर ब्रॅकेट तिने आपल्या कपाटात ठेवला आहे.